सँड डॉलर : जाती ओळखताना वयाचे भान

ओहोटीनंतर पुळणीवर कधीकधी एक पांढरी, चपटी चकती आढळते. तिच्यावर पाच पाकळ्यांची रेखीव नक्षी असते. अनेकजण तिला शिंपला समजतात. वस्तुतः ते सँड डॉलर या सागरी प्राण्याचे कवच होय. जिवंतपणी हा प्राणी तपकिरी किंवा जांभळट असून आखूड, मखमलीसारख्या काट्यांनी आच्छादलेला असतो.

तारामाशाप्रमाणे सँड डॉलरही कंटकचर्मी प्राण्यांच्या संघात मोडतो आणि समुद्री अर्चिन हे त्याचे निकटचे आप्त आहेत. चपटे सँड डॉलर व जाड 'समुद्री बिस्किटे' यांचा समावेश पूर्वी एकाच गणात केला जात असे. मात्र २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानंतर हे दोन स्वतंत्र गण मानले जाऊ लागले. केवळ बाह्य साम्यावरून नाते ठरविणे किती अपुरे आहे, हे यावरून स्पष्ट होते.

जातींची लक्षणे

जात ठरविताना कवचाची कड, पाकळ्यांची लांबी, गुदद्वाराचे स्थान, जननछिद्रांची संख्या आणि कवच घडविणाऱ्या पट्टिकांची मांडणी पाहतात. सर्वांत ठळक लक्षण म्हणजे कवचातील आरपार छिद्रे. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ लेस्के याने १७७८ साली दिलेल्या नावांतच त्यांची संख्या आली आहे. अटलांटिक किनाऱ्यावरील 'मेलिटा क्विन्क्विसपरफोराटा' पाच छिद्रांची, तर हिंदी महासागरातील 'एकिनोडिस्कस बिसपरफोराटस' दोन छिद्रांची आहे.

वयानुसार होणारे बदल

तथापि, ही लक्षणे जन्मतःच पूर्ण नसतात. मेलिटाच्या पिल्लाच्या कवचाच्या कडेवर प्रथम लहान खाचा दिसतात. कवच वाढू लागले की त्यांची तोंडे मिटतात व छिद्रे तयार होतात. गुदद्वाराजवळील छिद्र मात्र कवचाचा भाग आतून विरघळून बनते. याउलट, हिंदी महासागरातीलच, लेस्केने 'ऑरिटस' असे नामकरण केलेल्या जातीत मागील दोन खाचा प्रौढावस्थेतही सामान्यतः खुल्या राहतात. म्हणजे उघडी खाच एका जातीत बाल्याची खूण, तर दुसरीत जातीची खूण ठरते.

इतर अवयवांचेही असेच आहे. अगदी कोवळ्या प्राण्यात गुदद्वार वरच्या बाजूस असते. पुढे ते मागच्या कडेकडे व काही जातींत खालच्या बाजूस सरकते. श्वसनास साहाय्य करणाऱ्या पाकळ्या वाढीबरोबर लांबतात. जननछिद्रे मेलिटात चार व समुद्री बिस्किटात पाच असतात; परंतु ती प्रौढपणीच उघडतात. उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरील 'डेंड्रास्टर' या सँड डॉलरची पिल्ले लोहयुक्त जड वाळूचे कण निवडून गिळतात व आतड्याच्या एका पिशवीत साठवितात. या वजनामुळे लाटांत त्यांचा तोल टिकतो, असे १९७३ साली दाखविण्यात आले. प्राणी मोठा झाल्यावर हा साठा नाहीसा होतो.

नोंद करताना

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांच्या समित्या लोक जैवविविधता नोंदवही तयार करतात. किनारपट्टीवरील गावांच्या नोंदवहीत एकाच जातीची पिल्ले व प्रौढ प्राणी दोन नावांनी लिहिले गेले, तर नसलेली जात कागदावर अवतरते; दोन जाती एकीतच मिसळल्या, तर असलेली जात नजरेआड होते. अशा नोंदीवरून संरक्षणाचा निर्णय घेणे धोक्याचे ठरेल.

म्हणून शिक्षकांनी व समिती सदस्यांनी एकाच नमुन्यावर विसंबू नये. लहानमोठी अनेक रिकामी कवचे पाहावीत. प्रत्येकाची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजावी. दोन्ही बाजूंची छायाचित्रे मोजपट्टीसह घ्यावीत. स्थळ व दिनांक लिहावा. जिवंत प्राणी वाळूतून उचलू नयेत. जातीबद्दल शंका असल्यास 'सँड डॉलर, जात अनिश्चित' अशीच नोंद करावी. चुकीच्या नावापेक्षा अशी प्रामाणिक नोंद पुढील अभ्यासकास अधिक उपयोगी पडते.