छत्रपती : मुलूख गेला तेव्हा आणि मिळाला तेव्हा

‘छत्रपती’ हा ‘राजा’चाच भारदस्त पर्याय, असं धरून आपण बोलतो. साताऱ्याच्या गादीचा इतिहास पाहिला की ही समजूत टिकत नाही. शिवाजी महाराजांच्या शिवराई नाण्याच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरं आहेत. त्यांचा ‘राजा’ हा किताब तर औरंगजेबानेही १६६८ मध्ये मान्य केला होता; बादशहाकडून मिळू शकणाऱ्या गोष्टीसाठी राज्याभिषेकाचा खटाटोप कशाला? ‘छत्रपती’ हा शब्द नवा नव्हता, हे खरं. छत्र हे राजचिन्ह फार जुनं. अश्वपती, गजपती, नरपती ही बिरुदंही आधीचीच. पण ६ जून १६७४ रोजी रायगडावरच्या राज्याभिषेकात त्या शब्दाला नेमका अर्थ आला : ज्याच्यावर दुसरा धनी नाही आणि ज्याच्याकडून इतरांचे अधिकार निघतात, तो.

या अर्थाची खरी परीक्षा शाहू महाराजांच्या निधनानंतर, म्हणजे १७४९ नंतर झाली. कारभार पुण्याला पेशव्यांकडे गेला, छत्रपती साताऱ्यात जवळजवळ नजरकैदेत राहिले. मग पद पोकळच झालं की, असा आक्षेप येतो. पण १७७३ मध्ये राघोबादादांनी पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच आणवली, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या बारभाई कारभाऱ्यांनी चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांसाठीही तिथूनच आणवली. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन्ही पक्षांना तोच उंबरठा गाठावा लागला. निव्वळ उपचार असता तर नाना फडणविसांसारख्या माणसाने तो केव्हाच गुंडाळला असता. नागपूरकर भोसल्यांपासून शिंद्यांपर्यंत सारे सरदार ज्या एका नात्याने बांधलेले होते, ते नातं तोडणं पुण्याला परवडणारं नव्हतं. उदाहरणार्थ, सांगलीच्या पटवर्धनांचा सरंजाम पेशव्यांकडून आलेला, आणि पेशव्यांचा अधिकार साताऱ्याहून. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर असे छत्रपती दोन झाले, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तरी पेशवाईची वस्त्रं कोल्हापूरहून कधी आली नाहीत.

१८१८ नंतर गंमत उलटी झाली, आणि ती क्लेशकारक आहे. पेशवाई संपवून इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना नीरेपासून वारणेपर्यंतचा प्रत्यक्ष मुलूख दिला. पण १८१९ च्या तहाने ते ‘साताऱ्याचे राजे’ उरले आणि बाहेरच्या सत्तांशी संबंध ठेवायला त्यांना मनाई झाली. अधिकारांची जुनी साखळीही तुटली : सांगलीकरांनी कंपनीशी वेगळा करार केला. १८३९ मध्ये महाराजांना पदच्युत करताना ठेवलेल्या आरोपांत नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचाही आरोप होता. भोसल्यांशी बोलणं हा छत्रपतींचा जुना हक्क. साताऱ्याच्या राजासाठी तोच गुन्हा ठरला. १८४८ मध्ये त्यांच्या जागी आलेले त्यांचे बंधू शहाजीराजे वारले, तेव्हा त्यांनी घेतलेलं दत्तक डलहौसीने नाकारलं आणि राज्य खालसा केलं. शाहू महाराजांनंतर रामराजे दत्तक म्हणूनच गादीवर आले होते, १७७७ मध्ये दुसरे शाहूही. त्या वेळी कुठल्याही वरच्या सत्तेची मंजुरी कोणी मागितली नव्हती.