वडिलांचे कर्ज आणि मुलाचा पुरुषार्थ

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे या गावी एका सावकाराने न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या बळावर बाबासाहेब देशमुखांचे घर पाडले. गाव खवळले ते केवळ पैशापायी नसावे. कर्त्या पुरुषाचे घर चारचौघांदेखत पडले, ही गोष्ट अधिक झोंबली असावी. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला आणि १२ मे १८७५ रोजी सुपे येथे दंगलीचा भडका उडाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते व आजच्या दौंडचा मुलूखही त्याच तालुक्यात मोडे. दख्खनच्या दंगलीचा हा इतिहास आमचे विद्यार्थी परीक्षेपुरता पाठ करतात. त्यात बापलेकांच्या नात्याची जी एक बाजू आहे, तिच्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे पवित्र कर्तव्य होय, असे धर्मशास्त्राने मानले. मुंबई प्रांतात १८६६ च्या कायद्याने ही जबाबदारी वडिलांकडून हाती आलेल्या मालमत्तेपुरती सीमित केली होती. तरीही मुले नवे रोखे लिहून देऊन बापाचे कर्ज आपल्या अंगावर घेत राहिली. दंगलींची चौकशी करणाऱ्या आयोगाला कुणब्यांच्या कर्जबाजारीपणाच्या मुळाशी वडिलोपार्जित कर्ज आढळले ते यामुळेच. कायदा सोडवीत होता. परंतु 'बापाचे बुडविले' हे शब्द ऐकण्याची कोणाची तयारी नव्हती. पुढे २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यातून, नव्या कर्जांपुरते का होईना, हे पवित्र कर्तव्यही काढून टाकले. मनातून ते गेले आहे काय?

आज घोडच्या व भीमेच्या काठी ऊस उभा आहे, रांजणगाव आणि कुरकुंभ येथे कारखाने आहेत. शेतकऱ्याचा मुलगा कंत्राटी कामगार म्हणून पाळीवर जातो. उत्पन्नाचे साधन बदलले, पण पुरुषाला मोजण्याचे माप बापाकडून आले तेच राहिले. हे माप बाप शब्दांनी देत नाही. जिल्हा बँकेची नोटीस आली की ती खिशात घालून तो शेताकडे जातो आणि मुलगा ते पाहतो. पुरुषाने सोसावे, एकट्याने सोसावे आणि घरात बोलू नये, एवढे शिकायला त्याला शाळा लागत नाही. (शर्यतीच्या बैलाची किंमत मात्र पारावर चढ्या आवाजात सांगितली जाते. सोसायटीचे थकलेले कर्ज आणि बैल, दोन्ही एकाच दावणीचे. पण एकाची वाच्यता होते, दुसऱ्याची नाही.)

शिष्यवृत्तीच्या अर्जात वडिलांच्या वार्षिक उत्पन्नाचा रकाना असतो. तहसील कचेरीच्या दाखल्यावरचा आकडा मुले तेथे उतरवितात. घरावर कर्ज किती, असे विचारले तर बहुतेक मुलगे खाली पाहतात. त्यांना ते खरोखरच ठाऊक नसते. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या कर्जमुक्ती योजनेच्या याद्या फेब्रुवारी २०२० मध्ये गावोगाव लागल्या, तेव्हा वडिलांच्या कर्जाचा आकडा आपण प्रथम त्या कागदावर वाचला, असे एका विद्यार्थ्याने मला सांगितले. त्याच्या आईला तो आकडा आधीपासून माहीत होता, कारण तिचे दागिने गहाण होते. विशेष हे की, वडिलांनी आपल्याला सांगितले नाही याचा त्याला राग नव्हता. "ते कधी डगमगले नाहीत," असे तो अभिमानाने म्हणाला. स्वतःच्या मोटारसायकलचे हप्ते थकले असल्याचे तो घरी बोलला नव्हता, हे मला त्याच्या मित्राकडून कळले.

शिरूरच्या शेजारच्या खेड तालुक्यात, आंबेठाणला राहून शरद जोशींनी शेतकरी संघटना उभी केली. जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करून द्या, असे त्यांनी १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'च्या मोहिमेत शेतकऱ्यांना सांगितले आणि अनेकांनी ते केले. मोहिमेची चर्चा स्त्रियांच्या हक्कांच्या अंगाने झाली आणि ते योग्यच होते. मला कुतूहल आहे ते त्या घरांतील मुलग्यांचे. सातबाऱ्यावर बापाने आपल्या हाताने आईचे नाव लावलेले त्यांनी पाहिले. ते आता चाळिशी-पन्नाशीचे असतील; बँकेची नोटीस आली तर ती ते घरात कोणाला दाखवितात, हे एकदा विचारले पाहिजे.