दोन रकाने, एक बिल

इंदूरच्या पोलोग्राउंडवर कारखाने आहेत, तसंच पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनीचं मुख्यालयही. तेव्हा उदाहरण विजेच्या बिलाचंच घेऊ. समजा, बिलाच्या सॉफ्टवेअरची युनिट टेस्ट लिहायची आहे. एका रकान्यात हातानं काढलेल्या रकमा, दुसऱ्यात प्रोग्रॅमनं काढलेल्या. दोन्ही सारखे आहेत ना, एवढंच पाहायचं. गंमत इथूनच सुरू होते.

दहा पैसे अधिक वीस पैसे किती? रुपयांत लिहून पायथॉनला विचारा, उत्तर येतं 0.30000000000000004. आपला 0.1 संगणकाच्या शून्य-एकात नेमका बसतच नाही. रुपयांऐवजी पैसे पूर्णांकात ठेवले की कटकट मिटली.

मग तुलनेत थोडी सूट द्यावी म्हणता? पायथॉनच्या पांडाज लायब्ररीचं ‘असर्ट सिरीज ईक्वल’ ती न मागताच देतं: अपूर्णांकांना लाखात एक. घरगुती बिलात ती जाणवतही नाही. कारखान्याच्या एक कोटीच्या बिलात मात्र 90 रुपये इकडचे तिकडे झाले तरी टेस्ट पास! आणि हेच फंक्शन एरवी इतकं सोवळं, की आकडे तंतोतंत जुळूनही एका रकान्याचं नाव ‘रक्कम’ आणि दुसऱ्याचं ‘बिल’ असलं तर थेट नापास.

घराला कुलूप, रीडिंग नाही. अशी एक जागा रिकामी राहिली की पांडाज सहसा पूर्णांकांचा अख्खा रकाना दशांशात नेतं. 5 चा 5.0 झाला, की प्रकार वेगळा म्हणून टेस्ट अडते. एसक्यूएल त्याहून मुत्सद्दी: रिकाम्या जागेला तिथे नल म्हणतात, आणि नल बरोबर नल का, तर ना हो, ना नाही.

इंदुरात मराठी आडनावं भरपूर, म्हणून हे खास. ‘कऱ्हाडकर’मधला ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हानं लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर फरक शून्य, टेस्टच्या लेखी ग्राहक दोन! तुलनेआधी दोन्ही रकाने नॉर्मलाइझ करून घ्यावेत.

सगळ्यात बेरकी पायथॉनचं ‘झिप’. ते दोन रकान्यांच्या जोड्या लावतं आणि छोटा संपला की गुपचूप थांबतं. स्मार्ट मीटर दर पंधरा मिनिटांनी नोंद घेत असेल तर दिवसाच्या ओळी 96. एका बाजूला 95 आल्या तरी टेस्ट हिरवीगार. 2021 च्या पायथॉन 3.10 पासून झिपला ‘स्ट्रिक्ट’ सांगता येतं, मग लांबी जुळली नाही की ते ओरडतं. पण दोन्ही रकाने रिकामे असतील तर तेही गप्प. तेव्हा टेस्टमध्ये आधी ओळी मोजा, रकमा मागाहून.