नियम पाळण्याची गोडी : घरगुती खेळ आणि मुलांचा आत्मसंयम

मुलाच्या बुद्धीचा विचार करताना घरातील मोठ्यांचे लक्ष बहुधा त्याला काय काय येते याकडे असते; परंतु जे येते ते योग्य वेळी वापरणे, मनात आलेली पहिली गोष्ट लगेच न करता क्षणभर थांबणे आणि परिस्थिती बदलली की आपली रीतही बदलणे, या गोष्टींसाठी लागणारी शक्ती माहितीहून वेगळी असते. मानसशास्त्रात या शक्तींना एकत्रितपणे ‘कार्यकारी क्षमता’ म्हणतात आणि त्यांत प्रामुख्याने तीन घटक मानले जातात. पहिला कार्यस्मृती, म्हणजे हातातले काम पुरे होईपर्यंत लागणारी माहिती मनात धरून ठेवून तिच्यावर विचार करण्याची शक्ती. दुसरा आवर, म्हणजे सवयीने किंवा मोहाने उचंबळून आलेली कृती रोखण्याची शक्ती. आणि तिसरा लवचिकता, म्हणजे नियम बदलला की जुनी वाट सोडून नवी धरण्याची शक्ती. मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या खेळल्या जाणाऱ्या कितीतरी खेळांत नेमक्या याच तीन शक्ती पणाला लागतात, आणि म्हणूनच त्या खेळांकडे वेळ घालवण्याचे साधन म्हणून न पाहता संगोपनाचा एक गंभीर भाग म्हणून पाहणे आवश्यक आहे.

कळणे आणि वळणे यांतील अंतर

या क्षमतांचा संबंध मेंदूच्या कपाळामागील भागाशी, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सशी, विशेषत्वाने जोडला जातो. हा भाग सर्वांत सावकाश परिपक्व होणाऱ्या भागांपैकी एक असून त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. त्यामुळे लहान मुलाला नियम समजला म्हणजे तो पाळताही येईल, असे गृहीत धरता येत नाही. मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरलेल्या एका प्रसिद्ध चाचणीत मुलांना चित्रांची पाने आधी रंगानुसार आणि मग आकारानुसार लावायला सांगितली जातात. तीन वर्षांची बहुतेक मुले नवा नियम तोंडाने अचूक सांगतात, पण हाताने मात्र जुन्याच नियमाप्रमाणे पाने लावत राहतात. चार-पाच वर्षांची बहुतेक मुले हा बदल साधतात. अनेकदा ज्याला हट्ट किंवा बेफिकिरी समजून मुलाला रागे भरले जाते, त्याच्या मुळाशी हे कळणे आणि वळणे यांतील अंतर असते.

हे अंतर कमी होण्याचे महत्त्व दूरवर जाणारे आहे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करण्यात आला. टेरी मॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, बालपणी ज्यांचा आत्मसंयम अधिक होता त्यांचे आरोग्य आणि आर्थिक स्थिती वयाच्या बत्तिसाव्या वर्षी सरासरीने अधिक चांगली आढळली, आणि बुद्ध्यांक व कुटुंबाची सामाजिक स्थिती हिशेबात घेऊनही हा संबंध टिकून राहिला.

खेळातला नियम वेगळा का

संयम शिकवण्याचा सर्वांत परिचित मार्ग म्हणजे ‘गप्प बस’, ‘हात लावू नकोस’ अशी आज्ञा. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की यांनी १९३० च्या दशकात मांडलेला विचार याच्या नेमका उलट दिशेने जातो. त्यांच्या मते, खेळात मूल आपल्या तात्कालिक इच्छेला मुरड घालते, कारण नियम पाळण्यातच खेळाचा आनंद असतो. म्हणजे जो संयम एरवी बाहेरून लादला जातो, तो येथे मुलाच्या स्वतःच्या इच्छेतून येतो. पुढे झिनाइदा मानुइलेन्को यांच्या १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, मुलांना नुसते निश्चल उभे राहायला सांगितले असता ती जितका वेळ उभी राहत, त्यापेक्षा पहारेकऱ्याची भूमिका घेऊन खेळताना अधिक वेळ उभी राहिली.

तळ्यात-मळ्यात हा खेळ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यासाठी जमिनीवर एक रेघ किंवा फरशीची एक फट पुरते. सांगणारा भराभर ‘तळ्यात’, ‘मळ्यात’ म्हणत जातो, मुलांच्या पायांना आलटून-पालटून उडी मारण्याची लय लागते, आणि नेमक्या त्या वेळी तो लागोपाठ दोनदा ‘तळ्यात’ म्हणतो. आधीच तळ्यात उभ्या असलेल्या मुलाने आता जागेवरून हलायचे नसते. पण अंगात भिनलेली लय त्याला मळ्याकडे ढकलते. त्या निमिषार्धात पाय रोखून धरणे हीच आवराची कसोटी होय.

‘चिमणी उड’ या खेळात आणखी एक पेच असतो. सगळे जण जमिनीवर बोट टेकवतात. ‘चिमणी उड’, ‘पोपट उड’ म्हटले की बोट उचलायचे, पण ‘म्हैस उड’ म्हटले की नाही. सांगणारा स्वतः मात्र प्रत्येक वेळी बोट उचलतो, त्यामुळे मुलाला समोर दिसणाऱ्या कृतीचे अनुकरण टाळून स्वतःच्या निर्णयावर ठाम राहावे लागते. शहामृग आणि वटवाघूळ आले की खेळाला खरी धार चढते, कारण शहामृग पक्षी असूनही उडत नाही आणि वटवाघूळ पक्षी नसूनही उडते. मुले यात तरबेज झाली की नियम उलटा करता येतो, म्हणजे न उडणाऱ्या प्राण्याचे नाव घेतल्यावरच बोट उचलायचे. अमेरिकेतील संशोधक मेगन मॅक्‌क्लेलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचे आत्मनियमन मोजण्यासाठी वापरलेली चाचणीही अशीच आहे. तिच्यात डोक्याला हात लावायला सांगितले की पायाच्या बोटांना हात लावायचा असतो.

स्मरण, तर्क आणि पत्ते

कार्यस्मृतीसाठी घरातील ताट आणि पंचा एवढी सामग्री पुरेशी ठरते. ताटात वाटी, किल्ली, लवंग, बटण अशा पाच-सहा वस्तू मांडायच्या, मुलाला त्या निरखू द्यायच्या, मग झाकून एक हळूच काढून घ्यायची आणि काय नाहीसे झाले ते विचारायचे. आश्विनातील भोंडल्यात खिरापत ओळखण्याची जी प्रथा आहे, तिच्यात स्मरणाला तर्काची जोड मिळते: पदार्थ गोड की तिखट, कोरडा की ओला, असे विचारत शक्यतांचे क्षेत्र आक्रसत न्यायचे आणि आधी चुकलेली नावे लक्षात ठेवून पुढचा अंदाज बांधायचा.

सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी पत्त्यांतील बदाम सात हा उत्तम डाव आहे. बदामाची सत्ती मांडून सुरुवात होते आणि मग प्रत्येक रंगाची पाने सत्तीपासून वर राजापर्यंत आणि खाली एक्क्यापर्यंत क्रमाने लागत जातात. नवख्या मुलाच्या हातात इस्पिकची सत्ती आली की ती केव्हा एकदा टाकतो असे त्याला होते. पण त्या रंगातील बाकीची पाने इतरांकडे असतील, तर सत्ती टाकताच त्यांचीच वाट मोकळी होते. दुसरे पान लावता येत असेल, तर ते आधी लावून सत्ती हातात राखून ठेवणे, कोणी कोणत्या वेळी ‘पास’ म्हटले ते ध्यानात ठेवणे आणि त्यावरून कोणाचे काय अडले आहे हे ताडणे, यांत तिन्ही क्षमता एकाच वेळी कामाला लागतात. गुलामचोरात नको असलेला गुलाम हाती आल्यावर चेहऱ्यावर काहीही न दिसू देणे, हा भावना आवरण्याचा अभ्यास असतो.

सापशिडीसारख्या केवळ दानावर चालणाऱ्या खेळातही मोठ्यांच्या एका छोट्या सवयीने मोठा फरक पडतो. एलिडा लास्की आणि रॉबर्ट सीग्लर यांच्या २०१४ मधील अभ्यासात शंभरपर्यंतच्या अंकांच्या पटावर खेळताना, ज्या मुलांनी सोंगटी सरकवताना घरांतील अंक उच्चारले, ती नुसती एकपासून मोजणाऱ्या मुलांपेक्षा संख्यांची अधिक चांगली जाण मिळवू शकली. तेव्हा २३ वर असताना चार पडले, तर ‘एक, दोन, तीन, चार’ असे न मोजता ‘चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस’ असे म्हणणे श्रेयस्कर.

मोठ्यांवरही तेच बंधन

या सर्व खेळांचा पाया विश्वास हा आहे. रॉचेस्टर विद्यापीठातील सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २८ लहान मुलांना एक मार्शमॅलो, म्हणजे मऊ साखरेची मिठाई, देऊन सांगितले, की ती न खाता थांबल्यास आणखी एक मिळेल. त्याआधी निम्म्या मुलांना दिलेला शब्द मोठ्यांनी पाळला होता, तर उरलेल्यांना दिलेला मोडला होता. पहिली मुले सरासरी सुमारे बारा मिनिटे थांबली, दुसरी अवघी तीन मिनिटे. याचा अर्थ असा, की थांबणे हा मुलाच्या स्वभावाइतकाच भोवतालच्या माणसांच्या सचोटीचाही प्रश्न आहे. जे मोठे स्वतःची पाळी नसताना फासे टाकतात, किंवा डाव रंगात असताना फोनसाठी उठून जातात, ते नियम कमकुवतांसाठीच असतात असा पाठ नकळत देतात.

मुलाला जिंकवण्यासाठी मुद्दाम चुकीचे पान टाकणेही म्हणूनच योग्य नव्हे. त्याऐवजी खेळापूर्वीच त्याला चार पाने कमी द्यावीत, किंवा मोठ्यांना अधिक कठीण नियम लावावा, आणि ही सवलत सर्वांसमोर उघडपणे ठरवावी. हरल्यावर मूल रडले, पट उधळला, तर लगेच उपदेश न करता त्याला शांत होऊ द्यावे आणि दुसरा डाव मांडावा, कारण हरणे सोसण्याची शक्तीही सरावानेच वाढते.

खेळांच्या सामर्थ्याला मर्यादाही आहेत. संगणकावरील कार्यस्मृतीच्या सरावाविषयी मोनिका मेल्बी-लेर्वाग आणि चार्ल्स ह्यूम यांनी २०१३ मध्ये घेतलेल्या एकत्रित आढाव्यात असे दिसले, की मुले ज्याचा सराव करतात त्यात सुधारतात, परंतु वाचन किंवा गणितासारख्या वेगळ्या क्षेत्रांत त्याचा लाभ पोचल्याचा भक्कम पुरावा मिळत नाही. त्यामुळे एखाद्या खेळाने बुद्धी वाढेल अशी हमी देणाऱ्या महागड्या संचांवर विसंबणे व्यर्थ आहे. निरनिराळे खेळ, हळूहळू वाढत जाणारी काठिण्यपातळी आणि पुरेशी झोप यांवर भर देणे अधिक शहाणपणाचे. जेवणानंतरची वीस मिनिटे आणि पत्त्यांचा एक जोड एवढ्याने सुरुवात होऊ शकते. त्या वीस मिनिटांत आजी, वडील आणि पाच वर्षांचे मूल एकाच नियमाने बांधलेले असतात, आणि जो नियम घरातील सर्वांत मोठ्या माणसालाही मोडता येत नाही, तो पाळण्यात मुलाला कमीपणा वाटत नाही, उलट प्रतिष्ठा वाटते.