शेतापासून ताटापर्यंत (भाग ५) : थांबू शकणारा माल

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा देशात धान्याची टंचाई नव्हती. अन्न महामंडळाची गोदामं भरलेली होती आणि एप्रिलपासून माणशी पाच किलो मोफत धान्य वाटता आलं ते त्याच साठ्याच्या जोरावर. गहू-तांदूळ पोत्यात वर्षभर पडून राहतात. महामारीत साखळी कुठे तुटली हे पाहायचं तर नासणाऱ्या मालाकडे वळावं लागतं.

शेतमालाच्या वाहतुकीला सूट होती, पण ती कागदावर. ट्रक अडवायचा नाही असा आदेश निघाला, मात्र ड्रायव्हरला वाटेत ढाबा नाही, पंक्चर काढायला कोणी नाही आणि परतीचं भाडंही नाही. ढाबे आणि दुरुस्तीच्या दुकानांना परवानगी मिळायला एप्रिलचा मध्य उजाडला. पुढे वाशीच्या घाऊक बाजारात माथाडी, व्यापारी, ट्रकवाले यांच्यात रुग्ण सापडू लागले आणि ११ ते १७ मे या आठवड्यात तिथले पाचही बाजार बंद ठेवावे लागले. मुंबईची बहुतेक भाजी या एकाच आवारातून जाते, हे अनेक मुंबईकरांना त्या आठवड्यात कळलं असावं.

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराची कोंडी सगळ्यात वाईट होती. टाळेबंदी आली ती ऐन तोडणीत. मजूर गावी गेलेले, शहरातली फळबाजारपेठ ठप्प. कांदा निदान चाळीत भरता येतो. द्राक्षाचं तसं नाही. बरं, भाव येईपर्यंत घड वेलीवर ठेवावेत, तर तेही जमत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी करावी लागते, कारण त्यानंतर फुटणाऱ्या काड्यांवरच पुढच्या वर्षीचे घड ठरतात. घड ठेवले तर पुढचा हंगामही हातचा जातो. म्हणून बाग रिकामी करणं भाग होतं, माल विकला जावो अथवा न जावो.

अशा वेळी अनेकांनी तासगाव-पंढरपूरकडची वाट धरली आणि बेदाणा केला. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवायचे, शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे आणि साधारण दोन आठवडे वाळवायचे. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा पडतो. त्यात खाण्याच्या द्राक्षांचे मणी मुद्दाम फुगवलेले असतात. त्यांत पाणी जास्त, म्हणून वाळायला उशीर लागतो. ताज्या द्राक्षाचा खर्च करून बेदाण्याचा भाव घेणं हा काही फायद्याचा व्यवहार नव्हे. पण बेदाणा शीतगृहात महिनोन्महिने राहतो, आणि त्या एप्रिलमध्ये शेतकऱ्याला हवा होता तो वेळ.

दुधाचंही तेच झालं. हॉटेलं आणि मिठाईची दुकानं बंद पडल्यावर राज्य सरकारनं रोज दहा लाख लिटरपर्यंत दूध लिटरला २५ रुपयांनी घेऊन त्याची भुकटी करायचं ठरवलं. संकलन चालू राहिलं, हे महत्त्वाचंच. पण भुकटीचे ढीग साचले, भुकटीचा भाव पडला आणि त्याबरोबर दुधाचाही. जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्यावर दूध ओतून आंदोलनं झाली. माल थांबवता आला, तरी थांबण्याचा खर्च शेवटी उत्पादकाच्याच अंगावर पडला.

त्या दिवसांत कौतुक झालं ते थेट विक्रीचं. शेतकरी गटांनी भाजीच्या टोपल्या आणि कोकणातल्या बागायतदारांनी हापूसच्या पेट्या पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या फाटकापर्यंत पोचवल्या. हे रातोरात उभं राहिलं असं मानणं मात्र चुकीचं. फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून २०१६ सालीच मुक्त झाला होता आणि ज्या गटांकडे आधीपासून गाडी, क्रेट, प्रतवारीची जागा होती तेच धावू शकले. एकट्या शेतकऱ्याला व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेणं जमलं. पण दोनशे घरांत निवडलेला माल वेळेवर पोचवणं ही वेगळीच कसरत. शिवाय सोसायटीला पहिल्या प्रतीचाच टोमॅटो लागतो, तर मार्केट यार्ड डागी, बारीक असा सगळा माल घेतं. अडत्याला शिव्या घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बाजार उघडल्यावर बरेच जण यार्डात परतले, ते सवयीपेक्षा हिशेबामुळे.

पहिली किसान रेल्वे देवळालीहून दानापूरला सुटली ७ ऑगस्ट २०२० रोजी. पुढे भाड्यात निम्मी सवलत मिळाली आणि सांगोल्याच्या डाळिंबांना तिचा उपयोगही झाला. द्राक्षांचा हंगाम मात्र तोवर कधीच संपला होता. संकटात जी सोय कामी येते ती आधीपासून उभी असलेली. संकट आल्यावर बांधायला घेतलेली पुढच्या हंगामाला उपयोगी पडते.

पुढच्या भागात शीतगृहांकडे वळू. आपल्या तालुक्यात फळं-भाजीपाल्यासाठी शीतगृह आहे का, असल्यास ते चालू आहे का, आणि तिथे लहान शेतकऱ्याचे वीस क्रेट घेतात का, एवढी चौकशी वाचकांनी तोवर करून ठेवावी.