बिनपगारी चिटणीस

आमच्या नागपुरातल्या सहकारी गृहसंस्थेत बहुतेक बिऱ्हाडे पेन्शनरांची. मुले पुण्याला, नाहीतर परदेशी. राहणाऱ्यांनीच मिळून घरे सांभाळायची ही कल्पना मुंबईत गावदेवीला १९१५ साली तालमकींनी रुजवली. पुढे १९६० चा सहकार कायदा आला. कार्यकारिणीची मुदत आज पाच वर्षे. पण गुडघ्यांची मुदत कोण वाढवणार? आमचे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे चिटणीस गच्चीवरच्या टाकीपर्यंत चढत. पगार शून्य, बोलणी भरपूर! "वर्गणी भरतो ना आम्ही?" असे ऐकवणाऱ्यांत मीही होतो.

मे महिन्यात एका दारातली दुधाची पिशवी नऊ वाजेपर्यंत तशीच दिसली. चिटणिसांनी किल्ली आणून दार उघडले. एकट्या राहणाऱ्या आजी उष्म्याने बेशुद्ध पडल्या होत्या. वेळेवर दवाखाना गाठला, म्हणून वाचल्या.

पुढच्या सभेत त्यांनी राजीनामा दिला. सगळे माना खाली घालून बसले.

"घ्या प्राध्यापक," म्हणत त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. शेवटच्या पानांवर हिशेब नव्हता. कुणाची किल्ली कुणाकडे, कुणाला कोणते औषध, कुणाच्या मुलाचा फोन, एवढेच होते.

आता कॉलेजला निघताना मी प्रत्येक दारातली पिशवी पाहतो.