पऱ्हाटी जाळण्याआधी भाजली तर?

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की अचलपूरच्या शिवारात पऱ्हाटी उपटायला सुरुवात होते. उपटलेली पऱ्हाटी धुऱ्यावर रचली जाते. त्यातली काही मजूर बायकांच्या डोक्यावरून, मोळी मोळी करून, चुलीपर्यंत पोहोचते. उरलेल्या ढिगाला एखाद्या संध्याकाळी काडी लावली जाते. तिच्या जोडीला तुरीच्या तुराट्या असतात, सोयाबीनचे कुटार असते, संत्र्याच्या बागेतल्या छाटलेल्या फांद्या असतात. शेजारच्या परतवाड्यात मेळघाटातल्या लाकडाचा जुना बाजार आहे. तिथे आरा गिरण्यांपाशी भुसा साचतो.

हे सगळे इंधनच आहे, पण कमी प्रतीचे. एक हेक्टर कपाशीतून साधारण दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते आणि देशभरात दरवर्षी ती सुमारे तीन कोटी टन होते, असा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या साठ्याची प्रत सुधारता आली तर दोन गोष्टी साधतील. गावातला धूर कमी होईल आणि शेतकऱ्याला ज्याची विल्हेवाट लावावी लागते, त्याचेच चार पैसे मिळतील.

या इंधनात खोट तीन प्रकारची आहे. पहिली पाण्याची. एक लिटर उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. ओले लाकूड चुलीत घातले की आगीची उष्णता आधी या कामात खर्च होते. त्याने जाळ थंड पडतो आणि लाकडातून निघालेले वायू पुरते न जळताच वर जातात. धूर म्हणजे हेच न जळलेले इंधन. डोळे चुरचुरतात तेव्हा इंधनही वाया जात असते.

दुसरी खोट पोकळपणाची. सुट्या काड्यांनी एक घनमीटर जागा भरली तरी वजन शंभर किलोच्या आसपासच भरते. ट्रॉली शिगोशीग दिसते, पण तिच्यात हवाच जास्त असते. त्यामुळे पऱ्हाटी थोडी लांब न्यायची म्हटली तरी वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीला गाठतो.

तिसरी खोट डोळ्यांना दिसत नाही. वाळलेल्या लाकडाच्या वजनात चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा ऑक्सिजनचा असतो. जळणे म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होणे. म्हणजे लाकूड हे एका अर्थाने आधीच थोडे जळून बसलेले इंधन आहे. वाळलेल्या पऱ्हाटीच्या एका किलोतून साधारण चार हजार किलोकॅलरी मिळतात, तर डिझेलच्या एका किलोतून दहा हजारांहून अधिक. या फरकामागे मोठे कारण हा ऑक्सिजनच आहे.

पहिल्या दोन खोटी घालवणे तुलनेने सोपे आहे. पऱ्हाटी यंत्राने बारीक करायची, ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आणायचा आणि ती मोठ्या दाबाखाली साच्यातून काढायची. लाकडातले लिग्निन हे द्रव्य उष्णतेने मऊ होते आणि डिंकासारखे काम करते. त्यामुळे वेगळा चिकटपदार्थ लागत नाही. मोठ्या ठोकळ्यांना ब्रिकेट म्हणतात. बाजारात त्यांचे नाव ‘पांढरा कोळसा’. बोटापेक्षा बारीक, सहा ते आठ मिलिमीटर जाडीच्या कांड्यांना पेलेट म्हणतात. घनमीटरला शंभर किलोचा माल आता सहाशे किलोच्या वर जातो. मुंबईची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि तिचे नागपूरचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र यांनी पऱ्हाटीवर या दिशेने काम केले आहे. परतवाड्याच्या भुशाला तर कुटण्याचा मोठा खर्चही नाही.

तरी पेलेटमध्ये एक दोष उरतो. पावसात भिजले की ते फुगून विरघळल्यासारखे सुटतात. शिवाय कोळसा दळणाऱ्या वीज केंद्रातल्या चक्क्यांना त्यांचे चिवट तंतू नीट दळता येत नाहीत. इथे उपयोगी पडते ती भाजण्याची क्रिया. तिला टॉरिफॅक्शन म्हणतात, आणि या मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थही भाजणे असाच आहे. बंद भांड्यात, हवा न लागू देता, पऱ्हाटी २०० ते ३०० अंश सेल्सियसला तापवली जाते. शेंगदाणे भाजल्यावर जसे खुटखुटीत होतात, तसेच तिचे होते. पाणी जाते, हेमिसेल्युलोज हा ऑक्सिजनयुक्त घटक मोडतो आणि त्याचे वायू बाहेर पडतात. चांगल्या भाजणीत शंभर किलो कोरड्या मालातून सुमारे सत्तर किलो उरतो. उष्णता मात्र नव्वद टक्क्यांच्या आसपास टिकते. म्हणजे किलोमागे चार हजारांच्या जागी पाच हजारांवर किलोकॅलरी मिळतात. हा तपकिरी-काळा माल पाणी फारसे धरत नाही आणि चक्कीत कोळशासारखा दळला जातो. बाहेर पडलेले वायू वाया घालवायचे नसतात. तेच जाळून भट्टी तापवता येते.

अधिक तापवले तर लोणारी कोळसा मिळतो. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखाली उसाच्या पाचटापासून असा कोळसा करण्याची छोटी, हलवता येण्याजोगी भट्टी तयार केली आणि त्यासाठी २००२ मध्ये लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळवला. शेतातच जळणारे पाचट त्यामुळे स्वयंपाकघरातल्या इंधनात बदलू लागले. मात्र कोळसा करताना मूळ उष्णतेपैकी जवळपास निम्मी वायूंच्या रूपाने निघून जाते. शिवाय कोळशाचा धूर दिसत नाही, म्हणून तो निर्धोक मानू नये. बंद खोलीत पेटलेल्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही, आणि तो जीव घेतो.

द्रवरूप इंधनाची वाट याहून अवघड आहे. भुसा हवेविना सुमारे ५०० अंशांवर एक-दोन सेकंदांत तापवून वाफा झटकन थंड केल्या की काळपट तेल मिळते. पण ते आम्लधर्मी असते, त्यात पाणी असते आणि त्याची उष्णता डिझेलच्या निम्मीही नसते. हायड्रोजन आणि उत्प्रेरक वापरून त्यातला ऑक्सिजन काढावा लागतो, आणि तोच खर्चाचा भाग आहे. दुसरा मार्ग काड्यांतील साखर सोडवून इथेनॉल करण्याचा. हरियाणातील पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे.

वऱ्हाडात सध्या जवळचा मार्ग घन इंधनाचाच दिसतो. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२१ च्या धोरणाने औष्णिक वीज केंद्रांना कोळशात ठरावीक वाटा शेतीतल्या अवशेषांचा मिसळायला सांगितले आहे. अकोला जिल्ह्यात पारसला असे वीज केंद्र आहे. भारतीय कोळशात राख तीस-चाळीस टक्के असू शकते. पऱ्हाटीत ती बरीच कमी. मात्र तिच्या राखेतले पोटॅश बॉयलरमध्ये चिकट थर धरू शकते, म्हणून मिश्रणाचे प्रमाण सांभाळावे लागते.

पऱ्हाटी वेळेवर उचलण्याचा एक फायदा थेट शेतकऱ्याचा आहे. गुलाबी बोंडअळी झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत दडते. २०१७ च्या हंगामात तिने विदर्भात काय केले, ते कापूस उत्पादक विसरलेले नाहीत. फरदड घेऊ नका, पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवू नका, असा सल्ला कृषी विभाग देतो तो यासाठीच. पऱ्हाटी लगेच बारीक करून भट्टीकडे गेली तर अळीचे घरही मोडते.

पण सगळीच पऱ्हाटी नेऊन चालणार नाही. पाने-पालापाचोळा रानातच राहिला पाहिजे. जमिनीतला सेंद्रिय कर्ब त्यावरच टिकतो. दुसरा प्रश्न मोळी वाहणाऱ्या बाईचा. आज ती पऱ्हाटी फुकट नेते. उद्या तिला भाव आला तर तिच्या चुलीत काय जाईल? गॅसची टाकी भरणे परवडले नाही, तर ती ओल्या फांद्यांकडे वळेल आणि धूर वाढेल. घरातल्या धुराने २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असे जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सांगतो. त्यात बायका आणि लहान मुलांना झळ अधिक, कारण चुलीपाशी तेच जास्त वेळ असतात.

म्हणून पेलेटचा कारखाना तालुक्यात आला तर त्यातला काही माल, पंख्याच्या सुधारित शेगडीसह, त्याच गावांत रास्त दरात विकला जाणे आवश्यक आहे. कोरडे, एकसारखे इंधन आणि पुरेशी हवा मिळाली की जाळ स्वच्छ होतो. तोवर घरच्या घरी एक गोष्ट करता येते: पऱ्हाटी तुकडे करून, उन्हात कडकडीत वाळवून, पावसाआधी छपराखाली ठेवणे. इंधनाची प्रत सुधारण्याची ती पहिली पायरी आहे, आणि तिला यंत्र लागत नाही.